इलेक्ट्रॉनिक उपकरणशास्त्र आणि संवेदक: पदव्युत्तर अभ्यास

इलेक्ट्रॉनिक उपकरणशास्त्र ही भौतिक, रासायनिक किंवा जैविक राशींचे विद्युत संकेतांत रूपांतर करून त्यांचे मापन, नोंद व नियंत्रण करणारी विज्ञान-तंत्रज्ञानाची शाखा आहे. प्रचलित बोलण्यात तिला 'इन्स्ट्रुमेंटेशन' असेच म्हटले जाते. तापमान, दाब, ओलावा, वजन, प्रवाह, प्रकाश यांसारख्या राशीला प्रथम प्रतिसाद देणाऱ्या घटकाला संवेदक म्हणतात. त्याच्यापुढील विवर्धक, गाळणी, अंकीय रूपांतरक आणि संगणकीय भाग मिळून उपकरण पूर्ण होते. महाराष्ट्रात हा विषय पदव्युत्तर पातळीवर दोन वाटांनी शिकता येतो. एक वाट विज्ञान शाखेतील एम.एस्सी.ची आणि दुसरी अभियांत्रिकीतील एम.टेक.ची. प्रस्तुत लेखात विषयाची मांडणी महाराष्ट्रातील, विशेषतः वाशीम जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे केली आहे. शेतीप्रधान जिल्ह्यात या शास्त्राचे काय काम, असा प्रश्न सहज पडू शकतो. परंतु पीकविमा, अतिवृष्टीची मदत आणि बाजारातील शेतमालाचा भाव या तिन्ही ठिकाणी निर्णय अखेर एखाद्या संवेदकाच्या आकड्यावर येऊन ठेपतो.

पार्श्वभूमी

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,९७,१६० होती. सोयाबीन, तूर व कापूस ही प्रमुख पिके असून काही भागांत संत्र्याच्या बागा आहेत. केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचा समावेश आहे.

मापनाशी या गावाचा संबंध पुष्कळ जुना आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. सातव्या शतकातील गणिती पहिला भास्कर याच्या 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून उज्जयिनीमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळांमध्ये वत्सगुल्माची गणना केलेली आढळते. आधुनिक मापनाप्रमाणे उज्जैनचे रेखावृत्त सुमारे ७५° ४७′ पूर्व, तर वाशीमचे सुमारे ७७° ८′ पूर्व आहे. म्हणजे दोन्ही गावे एका रेषेवर नाहीत. त्यांच्या स्थानिक वेळेत सुमारे साडेपाच मिनिटांचे अंतर पडते. हे अंतर पाव घटकेहूनही कमी आहे. एकाच ग्रहणाची वेळ दोन ठिकाणी घटिकापात्राने मोजून रेखांशातील फरक काढण्याच्या त्या काळात एवढी तफावत साधनाच्या मर्यादेत झाकली जाणे स्वाभाविक होते. चुकीचा आकार साधनाच्या विभेदनक्षमतेवर कसा अवलंबून असतो, याचे हे चांगले उदाहरण ठरते.

आधुनिक काळात महाराष्ट्रातील उपकरणशास्त्राचा सर्वांत बोलका प्रसंग कुलाबा वेधशाळेचा आहे. १८२६ साली स्थापन झालेल्या या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत असे. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरल्यावर त्यांच्या विद्युत प्रवाहामुळे नोंदी दूषित होतील हे ओळखून चुंबकीय वेधांचे काम १९०४ मध्ये अलिबाग येथे हलवण्यात आले. तेथील इमारत अचुंबकीय साहित्याने बांधण्यात आली आणि स्थलांतरापूर्वी काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या परस्परांशी जुळवल्या गेल्या. उपकरण बदलताना जुने व नवे काही काळ बरोबर चालवावे, हा नियम आजच्या स्वयंचलित हवामान केंद्रांनाही तेवढाच लागू आहे. तो पाळला जातोच असे नाही. पुढे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्यास आले आणि पर्जन्यमापकांसह भूपृष्ठावरील हवामान उपकरणांच्या रचनेचे व तपासणीचे काम तेथे वाढले.

अभ्यासाचे स्वरूप

पदवी पातळीवर विद्यार्थ्याला संवेदकांची ओळख होते: तापमानासाठी तापयुग्म व रोध तापमापी, बलासाठी विकृतिमापक, प्रकाशासाठी प्रकाशडायोड इत्यादी. पदव्युत्तर पातळीवर प्रश्न बदलतो. संवेदक कोणता वापरायचा यापेक्षा त्याने दिलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हा मुख्य विषय होतो. अचूकता, पुनरावर्तनक्षमता, विभेदन, रेषीयता, कालांतराने होणारी सरक आणि मापनातील अनिश्चितता या संकल्पना येथे केवळ व्याख्या म्हणून उरत नाहीत. प्रत्येकीला आकडा द्यावा लागतो.

प्लॅटिनमची रोध तापमापी हे त्याचे साधे उदाहरण होय. 'पीटी-१००' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संवेदकाचा रोध ०° से. तापमानाला १०० ओहम असतो आणि प्रत्येक अंशामागे तो साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. संवेदकापर्यंत जाणाऱ्या व परत येणाऱ्या तारांचा मिळून रोध केवळ १ ओहम असला, तरी वाचन सुमारे २.६ अंशांनी चुकते. म्हणून तीन किंवा चार तारांची जोडणी वापरतात. चौथ्या तारेचे कारण ज्याला हिशेब करून सांगता येते, त्याला विषयाचा पाया समजला असे मानण्यास हरकत नाही.

अभ्यासक्रमातील दुसरा मोठा भाग संकेत संस्करणाचा असतो. विकृतिमापकांचा व्हीट्स्टन सेतू काही मिलिव्होल्ट इतकाच संकेत देतो. तापयुग्माचा संकेत त्याहूनही लहान असतो. 'के' प्रकारच्या तापयुग्मात एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. असा संकेत विवर्धित करताना मुख्य वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झची गुणगुण, जमिनीशी केलेल्या जोडणीतील वर्तुळे आणि खुद्द रोधातील उष्णताजन्य गोंगाट त्यात मिसळतो. हा शेवटचा गोंगाट कोणत्याही कौशल्याने नाहीसा करता येत नाही. १ किलोओहमच्या रोधात खोलीच्या तापमानाला तो प्रति वर्गमूळ हर्ट्झ सुमारे ४ नॅनोव्होल्ट असतो, आणि उपकरणाची अंतिम मर्यादा बहुधा अशाच एखाद्या आकड्याने ठरते. त्यानंतर अंकीय रूपांतर येते. १२ बिटांचा रूपांतरक ५ व्होल्टची कक्षा ४,०९६ पायऱ्यांत विभागतो, म्हणजे एक पायरी सुमारे १.२ मिलिव्होल्टची होते. तापयुग्माचा संकेत विवर्धनाशिवाय त्याच्यापुढे ठेवला, तर तीस अंशांखालचा बदल त्याला दिसणारच नाही.

याखेरीज नियंत्रण प्रणाली, सूक्ष्मनियंत्रक व अंतःस्थापित प्रणाली, प्रकाशीय व तंतुप्रकाशीय संवेदक, वर्णपटमापन, जैववैद्यकीय उपकरणे, सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म-विद्युतयांत्रिक संवेदक आणि बिनतारी संवेदक जाळी हे विषय संस्थेनुसार कमी-अधिक प्रमाणात असतात. विदर्भातील भौतिकशास्त्र विभागांत धातूंची ऑक्साइडे व वाहक बहुवारिके वापरून वायू संवेदक तयार करणे हा संशोधनाचा नेहमीचा विषय आहे. त्यात पदार्थ तयार करण्यावर भर असतो. तयार संवेदक वर्षभर उघड्यावर ठेवून त्याची सरक मोजण्याचे काम तुलनेने कमी होते.

वाशीम जिल्ह्यातील मापनाचे प्रश्न

पाऊस आणि ६५ मिलिमीटरची रेषा

महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर तेथे अतिवृष्टी झाली असे मानून पीकहानीचे पंचनामे व मदत यांचा विचार होतो. ही नोंद मुख्यतः मंडळाच्या ठिकाणी बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून मिळते. 'महावेध' प्रकल्पाखाली राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभारण्यात आली. एका मंडळात अनेक गावे असतात. त्या सर्वांसाठी आकडा मात्र एकच असतो.

स्वयंचलित केंद्रांतील पर्जन्यमापक बहुधा उलटणाऱ्या बादलीच्या तत्त्वावर चालतो. नरसाळ्यातून येणारे पाणी तराजूसारख्या दोन छोट्या कप्प्यांपैकी एकात साठते. ठरावीक पाणी भरले की कप्पा उलटतो, दुसरा पुढे येतो आणि प्रत्येक उलटीला चुंबकीय कळ एक स्पंद देते. एक स्पंद ०.२ मिलिमीटर पावसाचा धरला, तर ६५ मिलिमीटरसाठी ३२५ स्पंद व्हावे लागतात. मंद पावसात ही रचना चांगली चालते. मात्र तासाला १०० मिलिमीटर वेगाच्या सरीत कप्पा दर ७.२ सेकंदांनी उलटतो, आणि उलटण्यास सुमारे अर्धा सेकंद लागत असेल, तर तेवढ्या वेळात भरलेल्या कप्प्यात पडणारे काही पाणी मोजणीतून निसटते. त्यामुळे नेमक्या मुसळधार पावसातच हे उपकरण कमी वाचन देते. प्रत्यक्षात ६८ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपकरणाने ५ टक्के कमी मोजला, तर नोंद ६४.६ होते. मंडळ रेषेच्या अलीकडे राहते.

ही त्रुटी अज्ञात नाही आणि असाध्यही नाही. वेगवेगळ्या तीव्रतेला ज्ञात प्रवाहाचे पाणी सोडून उपकरणाचे अंशशोधन करता येते व त्यावरून दुरुस्तीचा वक्र काढता येतो. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. त्यामुळे १,३०० मिलिलिटर पाणी मोजून सावकाश ओतले की ६५ मिलिमीटर दिसले पाहिजेत. ही तपासणी तहसीलच्या आवारातही करता येण्याजोगी आहे. मंद गतीने ओतल्यास बरोबर आणि जलद गतीने ओतल्यास कमी वाचन आले, तर दोष वर सांगितलेलाच आहे. दोन्ही वेळा कमी आले, तर नरसाळ्यात पालापाचोळा किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली असण्याचा संभव अधिक. जागेची निवड हा वेगळा मुद्दा आहे. आसपासच्या भिंती वा झाडे यांच्या उंचीच्या निदान दुपटीइतके अंतर सोडावे असा दंडक आहे, कारण वारा व आडोसा या दोहोंमुळे नरसाळ्यात पडणारे पाणी घटते. केंद्र कार्यालयाच्या भिंतीलगत सोयीने उभारले गेले, तर संवेदक निर्दोष असूनही नोंद सदोष राहते.

फळपिकांच्या बाबतीत हवामानाच्या नोंदीचे महत्त्व आणखी थेट आहे. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत संत्र्यासारख्या पिकाची भरपाई बागेतील प्रत्यक्ष नुकसान पाहून ठरत नाही; ठरावीक कालावधीत संदर्भ हवामान केंद्राने नोंदवलेले पाऊस, तापमान इत्यादी आकडे ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेले की नाही, यावर ती ठरते. तापमान संवेदकाची सावलीची पेटी मळली किंवा तिच्यातून वारा खेळेनासा झाला, तर दुपारचे वाचन वाढते. अशा योजनेत उपकरणाची देखभाल ही तांत्रिक बाब न राहता शेतकरी, विमा कंपनी आणि शासन यांच्यातील कराराचा भाग बनते. पदव्युत्तर प्रकल्पांसाठी हा विषय अतिशय योग्य आहे. त्याला महागडी सामग्री लागत नाही. चिकाटी मात्र पावसाळाभर लागते.

सोयाबीनमधील ओल

सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत दाण्यातील ओलीची कमाल मर्यादा १२ टक्के असते. २०२४-२५ च्या खरीप हंगामात केंद्र शासनाने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. खासगी खरेदीतही ओल पाहून भाव पाडला जातो. बाजार समितीच्या आवारात वापरले जाणारे ओलमापक बहुधा धारितेच्या तत्त्वावर चालतात: पाण्याचा विद्युत-अपार्यता स्थिरांक सुमारे ८०, तर कोरड्या दाण्याचा त्याच्या अगदी लहान अंशाएवढा असल्याने ओल वाढली की कप्प्याची धारिता वाढते.

ओल म्हणजे पाण्याचे वजन, हे ध्यानात घेतले की आकड्यांचे महत्त्व कळते. १५ टक्के ओलीच्या १०० किलो सोयाबीनमध्ये ८५ किलो कोरडा माल असतो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर वजन सुमारे ९६.६ किलो भरते. म्हणजे ओल एका टक्क्याने जास्त दाखवली गेल्यास क्विंटलमागे सुमारे १.१ किलो मालाचा प्रश्न असतो, आणि मर्यादेच्या काठावरील माल थेट नाकारलाही जाऊ शकतो. धारितेवर आधारलेले वाचन दाण्याचे तापमान, कप्प्यात तो किती दाबून भरला आहे, वाणाचा आकार व कचरा यांनुसार बदलते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील गरम दाणा आणि गोदामातील थंड दाणा यांची ओल समान असली, तरी तापमानाची दुरुस्ती नसलेला ओलमापक त्यांना वेगवेगळे दाखवील. संदर्भ म्हणून नमुना भट्टीत वाळवून वजनातील घट मोजण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिला तास लागतात आणि बाजार थांबत नाही, ही अडचण खरी आहे.

वजनकाट्यांची बाब तुलनेने सुरळीत आहे. वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये व्यापारी वापरातील इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी फेरपडताळणी करून त्यावर मुद्रा उमटवणे बंधनकारक आहे. काट्याखालील भारसंवेदक म्हणजे धातूच्या ठोकळ्यावर चिकटवलेले विकृतिमापक व त्यांचा व्हीट्स्टन सेतू. अभ्यासक्रमातील पहिल्या सत्राचा प्रयोग जिल्ह्यातील प्रत्येक अडतीवर रोज चालू असतो.

काळ्या जमिनीतील ओलावा

ठिबक सिंचन व स्वयंचलित पाणी देण्याच्या प्रणालींमुळे मातीतील ओलाव्याचे संवेदक स्वस्त व मुबलक झाले आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तर हा सर्वाधिक आवडता विषय आहे. मात्र कारखान्यातून येणारे अंशशोधन बहुधा हलक्या किंवा मध्यम जमिनीवर केलेले असते. जी. सी. टॉप व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेले, मातीच्या अपार्यता स्थिरांकावरून ओलावा काढण्याचे सूत्र अनेक खनिज जमिनींना चांगले लागू पडते. भारी चिकणमातीत ते ढळते.

वऱ्हाडातील काळी जमीन स्मेक्टाइट गटातील खनिजांनी समृद्ध असते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून खोल भेगा पडतात. याचे मापनावर तीन परिणाम होतात. मातीकणांना घट्ट चिकटलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखा विद्युत प्रतिसाद देत नाही, त्यामुळे खरा ओलावा कमी दिसू शकतो. चिकणमातीची वाहकता जास्त असल्याने कमी वारंवारतेवर चालणाऱ्या स्वस्त संवेदकांत उलट वाचन फुगते. तिसरा परिणाम सर्वांत त्रासदायक आहे: जमीन आकसली की संवेदकाच्या पात्यांभोवती हवेची फट निर्माण होते आणि हवेचा स्थिरांक १ असल्यामुळे संवेदक जमीन अगदी कोरडी असल्याचे सांगतो, जरी भेगेच्या पलीकडे ओल शिल्लक असली तरी. अशा संकेतावर पंप आपोआप सुरू होणारी प्रणाली पाणी वाया घालवते.

यावर उपाय म्हणजे स्थानिक मातीवर अंशशोधन. शेतातील वेगवेगळ्या ओलाव्याचे नमुने घेऊन ते १०५° से. तापमानाला सुमारे २४ तास वाळवायचे, वजनातील घट काढायची आणि तिची संवेदकाच्या वाचनाशी तुलना करायची. काळ्या जमिनीत मातीची घनताही ओलाव्याबरोबर बदलत असल्याने वजनी ओलाव्याचे आकारमानी ओलाव्यात रूपांतर करताना ती प्रत्येक वेळी मोजावी लागते. हे काम दिसायला साधे आहे; परंतु मोबाइलवर आलेख दाखवणाऱ्या दहा प्रकल्पांपेक्षा एका गावाच्या मातीचा विश्वसनीय अंशशोधन वक्र अधिक उपयोगी ठरतो. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ही अशा कामासाठी जवळची ठिकाणे आहेत.

रुग्णालये

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचा समावेश होता. हृदयस्पंद आलेखक, नाडी-प्राणवायू मापक, औषधांचे सूक्ष्म पंप, श्वसनयंत्रे यांची नियमित तपासणी ही जैववैद्यकीय उपकरणशास्त्राची कक्षा असून जिल्हा पातळीवर अशा प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज त्यामुळे वाढणार आहे.

शेजारचा लायगो-इंडिया प्रकल्प

वाशीमच्या दक्षिणेस लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरींची पहिली थेट नोंद केली व ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जाहीर झाली. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातील वेधशाळेस तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय या प्रकल्पात सहभागी आहेत.

उपकरण म्हणून लायगो हा काटकोनात ठेवलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांचा व्यतिकरणमापक आहे. गुरुत्वीय लहर गेली असता या भुजांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तो टिपण्यासाठी लेसरची स्थिरता, आरशांची टांगणी, निर्वाताची पातळी, जमिनीचे कंप, वारा, चुंबकीय क्षेत्र यांवर हजारो साहाय्यक संवेदक सतत लक्ष ठेवतात; दूरच्या रस्त्यावरून गेलेल्या जड वाहनाची थरथरही वेगळी ओळखावी लागते. मध्य महाराष्ट्राच्या पठारावरील जागेच्या निवडीत भूकंपीय शांतता व वर्दळीपासूनचे अंतर यांचा विचार महत्त्वाचा होता. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेने ज्या कारणासाठी मुंबई सोडली, तेच कारण येथे अधिक काटेकोर स्वरूपात पुन्हा येते. उपकरणशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी निर्वात तंत्र, प्रकाशीय मापन, कमी गोंगाटाचे इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती संस्करण हे चारही विषय या एका यंत्रात एकत्र भेटतात.

शिक्षणसंस्था व प्रवेश

वाशीम जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले असून त्याच्या परिसरात उपयोजित इलेक्ट्रॉनिकीचा पदव्युत्तर विभाग आहे. जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतन व पदवी महाविद्यालये आहेत. उपकरणशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र विद्यार्थी साधारणतः अमरावती, नांदेड, नागपूर किंवा पुणे गाठतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक व उपकरणशास्त्राचा विभाग असून एम.एस्सी.च्या वाटेने जाणाऱ्यांमध्ये तो परिचित आहे. अभियांत्रिकीच्या बाजूने नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ येथे उपकरणशास्त्राचे विभाग आहेत. राज्याबाहेर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उपकरणशास्त्र व उपयोजित भौतिकी विभाग आणि चंदीगडची केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना ही संशोधनाची प्रमुख केंद्रे होत.

एम.टेक. प्रवेशासाठी गेट परीक्षेत उपकरण अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. तिच्यात गणित, विद्युत व चुंबकत्व, संकेत व प्रणाली, नियंत्रण, अनुरूप व अंकीय इलेक्ट्रॉनिकी, मापन, संवेदक व औद्योगिक उपकरणे, तसेच संदेशवहन व प्रकाशीय उपकरणे यांचा समावेश असतो. गेटचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य धरले जाते आणि त्याआधारे मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळवणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये पाठ्यवेतन मिळू शकते. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यासाठी ही रक्कम अनेकदा शिक्षण चालू ठेवायचे की नोकरी धरायची याचा निकाल लावते. भौतिकशास्त्र वा इलेक्ट्रॉनिकीतील बी.एस्सी. पदवीधर आयआयटीमधील एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षा देऊ शकतात. राज्य विद्यापीठांचे प्रवेश त्यांच्या स्वतःच्या प्रक्रियेने होतात. अध्यापनाकडे वळणाऱ्यांसाठी यूजीसी-नेट परीक्षेत 'इलेक्ट्रॉनिक सायन्स' हा विषय आहे.

पीएच.डी.च्या टप्प्यावर बार्टी, सारथी व महाज्योती या राज्य संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटके-विमुक्त समाजांतील संशोधकांसाठी उपलब्ध असतात. घराबाहेर राहून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अभ्यासाच्या साहित्याची अडचण एनपीटीईएल व स्वयं या विनाशुल्क व्याख्यानमालांनी बरीच कमी केली आहे. प्रयोगशाळेची अडचण त्यांनी सुटत नाही.

प्रयोगशाळा व प्रबंध

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात संशोधन पद्धती, कार्यस्थळी प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना स्थान आहे. उपकरणशास्त्रात हा प्रकल्पच अभ्यासाचा गाभा असतो. सर्वसाधारण दोष असा आढळतो, की तयार संवेदक सूक्ष्मनियंत्रकाला जोडून वाचन पडद्यावर आणले की प्रकल्प पूर्ण मानला जातो. परीक्षकाने 'हे वाचन बरोबर कशावरून?' असे विचारले असता उत्तर मिळत नाही. ज्या प्रबंधात संदर्भ उपकरण कोणते, त्याचे अंशशोधन कोणी केले, वाचने किती वेळा घेतली आणि अनिश्चितता किती, हे नोंदवलेले असते, तो साध्या विषयावरचा असला तरी टिकतो.

अंशशोधनाची साखळी अखेर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील राष्ट्रीय मानकांपर्यंत पोचते. प्रयोगशाळांना या कामाची अधिस्वीकृती एनएबीएल मंडळाकडून मिळते. मुंबईत विद्युत मापन उपकरणांच्या रचनेसाठी 'इडेमी' ही संस्था असून तेथे अंशशोधन व प्रशिक्षण दोन्ही चालते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्याही धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून न राहता प्लांक स्थिरांकावर आधारलेली आहे.

परिभाषा

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप स्थिर झालेली नाही. 'सेन्सर'साठी संवेदक हा शब्द रुळला आहे. 'कॅलिब्रेशन'साठी अंशशोधन व अंशांकन हे दोन्ही शब्द आढळतात आणि कार्यशाळांत मूळ इंग्रजी शब्दच चालतो. 'अ‍ॅक्युरसी' व 'प्रिसिजन' या दोहोंना बोलण्यात अचूकता असेच म्हटले जाते, त्यामुळे घोटाळा होतो. पहिल्या शब्दाने वाचन खऱ्या मूल्याच्या किती जवळ आहे हे कळते, तर दुसऱ्याने पुन्हा पुन्हा घेतलेली वाचने एकमेकांच्या किती जवळ आहेत हे. दररोज नेमके दोन मिलिमीटर कमी दाखवणारा पर्जन्यमापक दुसऱ्या अर्थाने उत्तम आणि पहिल्या अर्थाने सदोष असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर वर्गात हा भेद बहुधा इंग्रजीतूनच प्रथम भेटतो.